पुरणपोळीची पैज

२०२५ च्या नोव्हेंबरात एका रविवारी आम्ही चौघं भाचरं सांगलीच्या घरी सकाळी आठपासून स्वयंपाकघरात होतो. दोघं पुरण वाटत होते, एक जण कणीक तिंबत होता, मी तव्यापाशी. आत्या झोपाळ्यावर बसून चहा पीत होती आणि मधूनच आत डोकावून म्हणत होती, "कणीक सैल ठेवा रे, फाटेल पोळी." पैज ती जिंकली होती. त्यामुळे बोलण्याचा हक्क तिचाच.

पैज लागली १९ ऑक्टोबरच्या रात्री. पहाटे पहिली आंघोळ, सगळे दिवाळीला जमलेलो आणि महिला क्रिकेट विश्वचषकातली भारत-इंग्लंड इंदूरची मॅच चालू. इंग्लंडच्या २८८. आमच्या सांगलीची स्मृती मंधाना ८८ पर्यंत आली तोवर घरात फराळाचा डबा फिरत होता. ती आऊट झाली आणि हातात आलेली मॅच ४ धावांनी गेली. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड... ओळीने तिसरी हार. उटणं भिजवायचं कोणाला सुचेना. तेवढ्यात आत्या म्हणाली, "कप आपल्याच पोरी घेणार. लावता का पैज?" हरली तर महिनाभर चहा बंद. जिंकली तर आम्ही चौघांनी तिला साग्रसंगीत पुरणपोळीचं जेवण वाढायचं, आणि भांडीही आम्हीच घासायची.

पुढे काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, तरी मला परत सांगू द्या, कारण सांगताना अजून काटा येतो. इंदूरला जिला अकरांत घेतलं नव्हतं ती जेमिमा रॉड्रिग्ज, ३० ऑक्टोबरला सेमीफायनलमध्ये नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग करताना नाबाद १२७. तिसऱ्या नंबरवर जायचंय हे तिला पाच मिनिटं आधी कळलं होतं! सलामीची प्रतिका जखमी झाली म्हणून शफालीला बोलावलं. ती मूळ संघातही नव्हती, हरियाणाकडून खेळत होती. तिने फायनलमध्ये ८७ केल्या, वर दोन विकेट. दीप्तीच्या ५८ आणि पाच विकेट. समोरच्या दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्टचं शतक झालं होतं, तिचा उंच उडालेला कॅच अमनज्योतच्या हातातून दोनदा निसटला आणि तिसऱ्यांदा बसला, तेव्हा आत्या उठून उभी राहिली ती शेवटची विकेट पडेपर्यंत बसलीच नाही. ५२ धावांनी कप आपला. आणि कोच अमोल मुजुमदार! १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन-कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते, तेव्हा पॅड बांधून पुढचा नंबर येण्याची वाट बघत बसलेला मुलगा. रणजी पदार्पणात २६०, पण भारताची टोपी कधीच मिळाली नाही. त्या रात्री तो मैदानात आला तेव्हा आमच्या घरात कोणीच काही बोललं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमच्या चौघांतल्या धाकट्याने मागची तीन वर्षं एकही मॅच अशी पाहिली नव्हती. तो एका ॲपवर पैसे लावून दोन्ही संघांतल्या खऱ्या खेळाडूंची स्वतःची टीम बनवायचा, मॅचमध्ये ते जसे खेळतील तसे त्याला गुण. पैसे गेलेच, आकडा त्याने काकांना सांगितलाय, इथे नको. मला जास्त लागलं ते वेगळंच. आपली विकेट पडली की हा टाळी वाजवायचा, कारण समोरचा गोलंदाज त्याच्या टीमचा कॅप्टन, म्हणजे गुण दुप्पट. आपला फलंदाज पन्नाशीच्या जवळ आला की सगळे श्वास धरून, आणि हा म्हणायचा, "आता आऊट हो बाबा." सोबत बसून तो वेगळीच मॅच बघत होता. आत्या त्याच्याकडे बघायची आणि गप्प राहायची.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले. भारतीय संघाच्या छातीवरचं ड्रीम इलेव्हन या अशाच ॲपचं नाव गेलं आणि आशिया कपला आपले खेळाडू कोऱ्या जर्सीत उतरले. मला ती जर्सी फार आवडली. बुकीचा सट्टा आधीपासून बेकायदेशीरच होता आणि फोनवर चालूच होता, तो एका कायद्याने संपेल असं मी मानत नाही. पण लाडके खेळाडू टीव्हीवरून पोरांना 'टीम बनव' म्हणायचे आणि शेवटी सवय लागण्याचा इशारा कोणीतरी आगगाडीच्या वेगाने वाचायचं, ते थांबलं याचा मला मनापासून आनंद आहे. फॅन्टसी, म्हणजे हा टीम बनवायचा खेळ, कौशल्याचा आहे असं कोर्टानेही म्हटलंय, हे मला माहीत आहे. कौशल्य असेल. त्या पोराच्या तोंडून निघालेलं "आता आऊट हो" मी ऐकलंय.

पैशाच्या पैजेतली मला आवडणारी गोष्ट एकच, १९८१ ची हेडिंग्ले कसोटी. इंग्लंडवर फॉलोऑन, आणि मैदानातल्या फलकावर त्यांच्या विजयाचा भाव लागला ५००-१, म्हणजे एका पौंडाला पाचशे. लिलीने गंमत म्हणून १० पौंड लावले, मार्शने ५. दोघेही ऑस्ट्रेलियाकडून त्याच मॅचमध्ये खेळत होते! इंग्लंडच्या बोथमने नाबाद १४९ ठोकल्या, ऑस्ट्रेलियापुढे १३० धावांचं लक्ष्य असताना गोलंदाज विलिसने ४३ धावांत ८ विकेट घेतल्या आणि ऑस्ट्रेलिया १८ धावांनी हरली. दोघांना मिळून साडेसात हजार पौंड मिळाले. ते मुद्दाम हरले असं मला अजिबात वाटत नाही. पण बोथमचा तो डाव आठवला की पाठोपाठ त्या पैजेची गोष्ट निघतेच. आज कुठल्याही क्रिकेटपटूला क्रिकेटवर पैसे लावता येत नाहीत, ते बरंच आहे.

आमच्या घरी पैजांची वही आहे. १९८३ च्या फायनलला आजोबांनी वेस्ट इंडिजच्या बाजूने मिशी लावली होती आणि दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन शब्द पाळला. आजीने त्यांना ओळखलं नाही, असं आत्या सांगते. बाकी नोंदी आंबा बर्फी, गच्ची झाडणं, पाठीला तेल लावून देणं अशा. वहीतलं सगळं हरलेल्याने घरच्यांनाच दिलंय.

त्या रविवारी धाकट्याने पोळ्या लाटल्या. तीन फाटल्या, चौथी अशी टम्म फुगली की आत्याने ती स्वतःच्या ताटात वाढून घेतली, वर तुपाची धार. जेवणं झाल्यावर त्याने स्वतःच वही काढली. शुक्रवारी १४ नोव्हेंबरला कोलकात्याच्या ईडनवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पाच दिवसांची कसोटी सुरू होणार होती. तो म्हणाला पाचवा दिवस उजाडणार नाही, मॅच आधीच संपेल; आत्या म्हणाली उजाडणार. जो हरेल त्याने नरसोबावाडीला जाऊन सगळ्यांसाठी बासुंदी आणायची. मी आत्याच्या बाजूने सही केली.