क्रूर कोण, ते आधी ठरू द्या

वर्ध्याच्या घरच्या ग्रुपवर रोह्यांवरून, म्हणजे नीलगाईंवरून, पुन्हा जुंपली आहे. हरभरा फस्त झाला म्हणून काका मारायची परवानगी मागताहेत. पुण्याची चुलतबहीण म्हणते, मुक्या जिवांची हत्या! मग तिने माझा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला हरणाच्या शिकारीचा जुना फोटो हुडकला, "हा तर बाणाने मारतो. त्यापेक्षा बंदूक बरी."

व्हिसावर असताना बंदुकीच्या कागदांची भानगड नको, म्हणून मी धनुष्य घेतलं. पण बाण म्हणजे रानटीपणा, हे हिला कोणी सांगितलं? बाण रक्तस्रावाने मारतो, म्हणून दोन्ही फुप्फुसं भेदली जाणार असतील तरच सोडायचा. हरीण आडवं हवं, फार तर किंचित पलीकडे वळलेलं. तोंड आपल्याकडे असलं की खांद्याचं हाड आड येतं, मग शिंगं कितीही मोठी असोत, गप्प बसायचं. बाण सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास जातो, आवाज अकराशे. दोरीचा आवाज आधी पोचतो, बिथरलेलं हरीण झपकन खाली दबतं आणि बाण वरून जातो किंवा भलतीकडे लागतो. म्हणून कान टवकारलेल्या हरणावरही नाही. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. तरी अर्धा तास झाडावरून उतरायचं नाही. हिरवट, घाण वास आला तर पोटात लागलाय. मग आठ-दहा तास थांबायचं, कारण मागे लागलात तर ते उठून पळतं आणि कुठेतरी तडफडून मरतं.

तिकडे भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीशिवाय शिकार बंद. २०१६ साली बिहारमध्ये रोही मारले, तेव्हा मनेका गांधींनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाला धारेवर धरलं. भांडण कायम मारावं की नाही एवढ्यावरच. आणि रात्री कुंपणात सोडलेला करंट? त्यात डुक्कर जातं, वाघ जातो, जागलीला निघालेला माणूसही जातो. त्यावर बहिणीने साधा रडका इमोजी टाकल्याचं आठवत नाही.

काका म्हणतील, तुझं पोट हरणावर नाही, तुला नियम परवडतात. परवडतात! फ्रीजर कॉस्टकोच्या चिकनने भरलेला असतो. इथल्या शेतकऱ्याच्या सोयाबीनमधली हरणं कमी व्हावीत, म्हणून त्याने मला जमिनीवर येऊ दिलंय. त्याच्यासाठी मी कुडकुडत झाडावर बसतो. आमच्या हरभऱ्याच्या जागलीला एक रात्र गेलेलो नाही, लहानपणीसुद्धा नाही. दिवाळीला येत नाही तेही यामुळेच, नोव्हेंबरात सीझन भरात असतो. आईला मात्र तिकिटं महाग झाल्याचं सांगतो.