सेटल केलं म्हणजे विकले गेले?

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीचा बिल्डरशी चाललेला दावा मिटला की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो: ‘कमिटीने सेटल केलं. किती घेतले?’ मग दिवसभर तोच सूर, शेवटपर्यंत लढायला हवं होतं म्हणून. इथे इंग्लंडातल्या लीड्समध्ये ते वाचताना संताप होतो, कारण या आरोपाखाली एका इंग्रजी क्रियापदाचा चुकीचा अर्थ दडला आहे.

आपण ‘सेटलमेंट’ आणि ‘सेटिंग’ एकाच पिशवीत टाकले. सेटिंग म्हणजे आतून लावलेली व्यवस्था. सेटल हे वेगळं क्रियापद. जुन्या इंग्रजीत ‘सेट्ल’ म्हणजे आसन, बसायची जागा, आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू त्याच कुळातला. म्हणजे सेटल आणि आपला ‘सभासद’ हे भाऊबंद. समेट करणे या अर्थाचा आणखी एक जुना इंग्रजी शब्द पुढे त्यात मिसळला असावा असं मानतात. आपण ‘बसून मिटवू’ म्हणतो, त्यात हे दोन्ही अर्थ आहेत.

घोटाळा होतो तो पुढच्या छोट्या शब्दामुळे. तंटा नुसता ‘सेटल’ केला म्हणजे मिटवला. ‘सेटल ऑन’ म्हणजे चार पर्यायांतून एक पक्का केला. ‘सेटल अप’ म्हणजे हिशेब चुकता केला. ‘सेटल फॉर’ म्हणजे हवं होतं त्याहून कमीवर समाधान मानलं. ग्रुपवरची मंडळी प्रत्येक सेटलमध्ये हा शेवटचा अर्थच वाचतात. त्याला एक कारण आहे, तेही सांगायला हवं. क्रेडिट कार्डाची थकबाकी बँकेने कमी रक्कम घेऊन मिटवली तर सिबिलच्या, म्हणजे कर्जदाराची पत नोंदवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढचं कर्ज अडतं. पूर्ण फेडणाऱ्याच्या नावापुढे ‘क्लोज्ड’ लागतं. तिथे सेटल हा खरोखरच डाग आहे. उरलेली रक्कम भरून बँकेकडून येणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि शेरा बदलून घ्यावा, हाच उपाय.

पण दाव्याचं तसं नाही. इंग्लंडमध्ये नोकरीचा वाद मिटवणाऱ्या कराराला २०१३ पर्यंत ‘कॉम्प्रमाइज ॲग्रीमेंट’ म्हणत. त्या वर्षी कायद्यात नावच बदलून ‘सेटलमेंट ॲग्रीमेंट’ केलं, आणि मला ते फार योग्य वाटतं. करार लेखी हवा, कोणत्या तक्रारी मिटल्या ते त्यात हवं, आणि कर्मचाऱ्याने स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतलेला हवा. त्या सल्लागाराची ओळख करारात असते. विचाराला किमान दहा दिवस द्यावेत असं ‘एकास’ या नोकरीचे तंटे मिटवणाऱ्या इथल्या संस्थेची संहिता सांगते. सही करणाऱ्याला इथे कुणी विकला गेला म्हणत नाही.

पुण्यातही कायदा काही वेगळं सांगत नाही. शिवाजीनगरच्या कोर्टात तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, दाखल होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ प्रमाणे तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची लागते. ती कायदेशीर आहे अशी खात्री पटली की न्यायाधीश त्यावर हुकूमनामा (डिक्री) करतात. लोकअदालतीत मिटलं तर निवाडा हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. सेटिंगला असा कागद नसतो.

बिघडतं ते मसुद्यात. ‘लवकरात लवकर कन्व्हेयन्स करून देऊ’, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून देऊ, असं लिहिलं की तो दिवस उजाडत नाही; तारीख हवी, आणि तारीख चुकली तर दररोज किती रुपये, तेही हवं. ‘सर्व तक्रारी कायमच्या मिटल्या’ ही ओळ घाईत घातली तर पार्किंगच्या वादाबरोबर गच्चीची गळतीही मिटल्यात जमा होते. दाव्यात नसलेली जागा तडजोडीत आणली तर त्या हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागू शकते, मुद्रांक शुल्काचा प्रश्न आलाच. आणि सर्वसाधारण सभेचा ठराव नसताना अध्यक्षांनी सही केली तर पुढची भांडणं अटळ. ‘किती घेतले’ विचारण्याआधी ठराव आणि हुकूमनाम्याची नक्कल मागा. आरोप करायचाच तर ती वाचून करा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘तिकडे सेटल झालेल्यांनी बोलू नये.’ तेच क्रियापद. इथल्या होम ऑफिसच्या, म्हणजे गृहखात्याच्या, भाषेतही कायम राहण्याच्या परवान्याला ‘सेटलमेंट’च म्हणतात. त्यासाठी चोवीस प्रश्नांच्या परीक्षेत अठरा बरोबर यावे लागतात, आणि परवाना मिळाल्यावर सलग दोन वर्षांहून जास्त देशाबाहेर राहिलं तर तो जातो. बसून आहात तोवर जागा तुमची, उठलात की गेली. याला सेटल होणं म्हणायला माझी जीभ अजून अडखळते.

पुण्यातल्या सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव आहे, सभेची नोटीस दरवर्षी येते. सभेत बसतो तो सभासद, आणि मी तिथे बसत नाही. ग्रुपवर एवढं तावातावाने लिहितो ते बहुधा त्यामुळेच.