जाणत्या सहकाऱ्यांना गप्प कसे ठेवावे

आपल्या हाती नव्या चमूची सूत्रे आली असतील आणि तेथील माणसे जे जे ठाऊक आहे ते एकमेकांना बिनदिक्कत सांगत असतील, तर आपण वेळीच सावध व्हावे. अशा माणसांना म्हणे नीट ऐकून घेणारा, 'हे मला ठाऊक नाही' असे सहज म्हणणारा आणि ज्याचे श्रेय त्याच्या पदरात घालणारा नेता हवा असतो. अपेक्षांना काय, तोटा नसतो.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने १९९६ मध्ये रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगले नेतृत्व लाभलेल्या चमूंत औषधे देताना झालेल्या चुकांची नोंद उलट अधिक आढळली, कारण तेथे चूक बोलून दाखवण्याची धास्ती नव्हती. आपण घ्यायचा धडा उघड आहे. चूक कळवणाऱ्यालाच भर बैठकीत उभे करून, आवाज मुळीच न चढवता, 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' एवढेच म्हणावे, म्हणजे पुढच्या तिमाहीत चुकांचा तक्ता कोरा होतो आणि वरिष्ठांपुढे तो मांडताना आपल्याला कसलाही खुलासा करावा लागत नाही. (चुका होतच राहतात, पण त्या तक्त्यात कोठे दिसतात?)

श्रेयाच्या बाबतीत हात आखडताच असावा. झेरॉक्स कंपनीने आपल्या दुरुस्ती-तंत्रज्ञांसाठी १९९०च्या दशकात 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली होती. एखाद्याला सापडलेली दुरुस्तीची युक्ती सहकारी पडताळून पाहत आणि मग ती त्याच्या नावानिशी सर्वांपर्यंत पोहोचे. नावाच्या ओढीने माणसे लिहीत राहिली. आपण असा पायंडा पाडू नये. सहकाऱ्याने रात्र जागून केलेले टिपण सादरीकरणात घेताना नाव तेवढे गाळावे, आणि त्याने विचारलेच तर संघभावनेवर दहा मिनिटे बोलावे.

बैठकीत प्रथम आपले मत ठामपणे सांगून टाकावे आणि त्यानंतरच 'मोकळेपणाने बोला' असे आवाहन करावे. वार्षिक मूल्यमापनात सर्वांना एकाच क्रमवारीत बसवावे. शेजाऱ्याला शिकवले तर आपलाच क्रमांक घसरतो, हे हुशार माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

इतके करूनही एखादा नवखा प्रश्न विचारीतच राहिला, तर त्याला ज्ञानसंवर्धन समितीचे अध्यक्षपद द्यावे. मासिक अहवाल लिहिण्यात त्याचे वर्ष सुखाने सरेल.