‘मातीचे दिवस संपले’ या दाव्याचा प्रतिवाद

घरच्या बागेविषयी एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा : मातीत भाजी लावणे ही जुनी आणि पाणी वाया घालवणारी पद्धत आहे, तिच्या पुढची पायरी हायड्रोपोनिक्स (मातीऐवजी पोषक द्रावणात झाडे वाढवणे) आणि सर्वांत वरची पायरी अ‍ॅक्वापोनिक्स, कारण माशांच्या पाण्यावर भाजी लावली की ९० टक्के पाणी वाचते, खत लागत नाही, झाडे दुप्पट वेगाने वाढतात, रोग येत नाहीत आणि एकदा बसवलेली यंत्रणा आपोआप चालत राहते.

मी कुंड्यांतही भाजी लावली आहे आणि माशांच्या टाकीवरही. दोन्ही पद्धतींविषयी मला आपुलकी आहे, आणि म्हणूनच हा मजकूर वाचून टाकी विकत घेणाऱ्या आणि दोन-तीन महिन्यांत बागकामच सोडून देणाऱ्या माणसांविषयी मला वाईट वाटते. या मजकुरातील प्रत्येक वाक्यात काही ना काही खरे आहे. पण ज्या परिस्थितीत ते खरे ठरते ती परिस्थिती गाळून टाकल्यामुळे संपूर्ण मजकूर दिशाभूल करणारा झाला आहे.

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण ९० टक्क्यांचा आकडा सर्वाधिक सांगितला जातो आणि तो निराधार नाही. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याची परिस्थिती गृहीत धरून केलेला एक तुलनात्मक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. शेतात पिकवलेल्या एक किलो लेट्यूसला सुमारे २५० लिटर, तर हरितगृहातील हायड्रोपोनिक्समध्ये तेवढ्याच लेट्यूसला सुमारे २० लिटर पाणी लागते, असा हिशेब त्यात मांडला आहे. मात्र त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि तो पुढे पाठवला जात नाही : शेतातील किलोभर लेट्यूसला सुमारे १,१०० किलोज्यूल, तर हायड्रोपोनिक्समधील किलोभर लेट्यूसला सुमारे ९०,००० किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे जवळजवळ ८० पट. या ऊर्जेचा बहुतांश भाग हरितगृहाचे तापमान राखण्यात जातो, त्यामुळे उघड्या गच्चीवरच्या छोट्या यंत्रणेला हा आकडा जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. पण मग पाण्याचा आकडाही जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तुलना वाळवंटी हवेतल्या उघड्या शेताशी आहे, घरातल्या कुंडीशी नाही.

हे २० लिटर नेमके जातात कुठे, याचा थोडा विचार केला तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. लेट्यूसमध्ये साधारण ९५ टक्के पाणी असते. म्हणजे किलोभर पानांत कोरडा भाग जेमतेम ५० ग्रॅम. त्या हिशेबाने कोरड्या भागाच्या दर किलोमागे सुमारे ४०० लिटर पाणी खर्च झाले. बहुतेक भाज्या ज्या गटात मोडतात त्या वनस्पतींच्या बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे पानांवाटे पाणी वाफ होऊन जाण्याचा, हा नेहमीचाच पल्ला आहे. कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी पानाला आपली रंध्रे (सूक्ष्म छिद्रे) उघडावी लागतात आणि रंध्रे उघडली की पाणी बाहेर जाते. मुळे मातीत आहेत, खडीत आहेत की पाण्यात, याने त्या व्यवहारात मोठा फरक पडत नाही. हायड्रोपोनिक्स जे पाणी वाचवते ते झाडाच्या वाट्याचे पाणी नव्हे. ते मुळांच्या खाली झिरपून गेलेले, मातीच्या पृष्ठभागावरून उडालेले किंवा वाहून गेलेले पाणी असते. शेतात ही गळती प्रचंड असू शकते. कुंडीत मात्र वर दोन बोटे वाळल्या पानांचे आच्छादन घातले, खाली ताटली ठेवली किंवा तळाशी पाण्याचा साठा असलेली कुंडी वापरली, तर त्या गळतीचा मोठा भाग कोणत्याही पंपाशिवाय थांबतो. ज्या घरात हे आधीच केले जाते, तेथे टाकी आणून आणखी ९० टक्के पाणी वाचवायला ते शिल्लकच नसते.

अ‍ॅक्वापोनिक्सच्या हिशेबात एक पाणी तर मोजलेच जात नाही, ते म्हणजे मत्स्यखाद्य तयार होताना लागलेले पाणी. खाद्यातील प्रथिने सोयाबीन, धान्याचा कोंडा किंवा समुद्रातून पकडलेल्या छोट्या माशांपासून येतात. सोयाबीन शेवटी कोणाच्या तरी मातीतच वाढलेले असते. मातीची गरज संपली असे म्हणताना ती फक्त नजरेआड गेलेली असते.

याच ठिकाणी खताचा दावा येतो आणि माझ्या मते संपूर्ण मजकुरातला हाच सर्वांत फसवा भाग आहे. ‘मासे खत तयार करतात’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण मासा नत्र (नायट्रोजन) निर्माण करत नाही. तो खाद्यातले नत्र खातो, त्यातील साधारण पाव ते तिसरा हिस्सा स्वतःच्या शरीरात ठेवतो आणि उरलेले मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने व काही विष्ठेवाटे पाण्यात सोडतो. म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्समध्ये खताची पिशवी विकत घ्यावी लागत नसली, तरी मत्स्यखाद्याची पिशवी घ्यावीच लागते आणि ती रोज उघडावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली छोट्या अ‍ॅक्वापोनिक्ससाठी जी तांत्रिक पुस्तिका काढली, तिच्यात पालेभाज्यांच्या प्रत्येक चौरस मीटरसाठी दररोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य धरले आहे. वर्षाला हे साधारण १६ किलो होते, तेही फक्त एका चौरस मीटरला. वाढते मासे दिवसाला स्वतःच्या वजनाच्या १ ते २ टक्के खातात असे धरले, तर एवढे खाद्य संपवायला टाकीत सतत २ ते ५ किलो मासे हवेत. दर १,००० लिटर पाण्यात २० किलोंपेक्षा जास्त मासे नवशिक्याने ठेवू नयेत. तेव्हा एका चौरस मीटरच्या वाफ्यामागे १०० ते २५० लिटर पाणी उभे करावे लागते. आणि मासे वाढणारच. वर्षभरात काही किलो मासे बाहेर काढावे लागतील, त्यांचे काय करायचे हे ज्या घरात ठरलेले नाही त्या घराने या वाटेला जाण्यापूर्वी थांबलेले बरे.

शिवाय माशांचे खाद्य माशांसाठी बनवलेले असते, झाडांसाठी नव्हे. माशाला पालाश (पोटॅशियम) फार लागत नाही, झाडाला तो भरपूर लागतो, लोहाचेही तसेच. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे चालवलेली यंत्रणा या विषयात आदर्श मानली जाते. त्या यंत्रणेतही पालाश, कॅल्शियम आणि लोह बाहेरूनच घातले जात असे : पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून, आणि चिलेटेड (पाण्यात विरघळलेले राहील अशा रूपातले) लोह ठरावीक अंतराने. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला की समजावे, लोह संपले. ज्या यंत्रणेचा अभ्यास करून जगाने हा विषय शिकला तीच बाहेरच्या पूरक द्रव्यांशिवाय चालत नसेल, तर ‘खत लागत नाही’ हे विधान कशाच्या आधारावर केले जाते, हे मला समजत नाही. अशा मजकुरांत भेटणाऱ्या ‘रसायनमुक्त’ या शब्दाचेही तेच. हायड्रोपोनिक्सचे द्रावण म्हणजे कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट यांसारख्या क्षारांचे मिश्रण असते. त्यात वावगे काही नाही, कारण मुळाला नायट्रेट कुठून आले याची फिकीर नसते. पण मग तसे स्पष्ट म्हणावे.

खताच्या मागोमाग सामूचा (पाण्याच्या आम्ल-अल्कधर्मीपणाचा, म्हणजे pH चा) प्रश्न येतो आणि मातीची खरी किंमत येथे कळते. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू सामू ७ ते ८ च्या दरम्यान जोमाने काम करतात. बहुतेक भाज्यांना तो ५.५ ते ६.५ हवा असतो. त्याच्या वर गेल्यावर लोह पाण्यात असूनही मुळांना मिळेनासे होते. मासे, जिवाणू आणि झाडे या तिघांना एकत्र नांदवायचे तर ७ च्या थोडे खाली थांबावे लागते, आणि ती कोणालाच अगदी मनासारखी जागा नसते. त्यातही जिवाणूंच्या कामामुळे आम्ल तयार होते : एक ग्रॅम नत्राच्या नायट्रीकरणात पाण्यातील सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी आम्ल पचवण्याची ताकद खर्च होते, त्यामुळे सामू सतत खाली घसरत राहतो आणि तो वर आणावा लागतो. तो घाईने जास्त वर नेला तर दुसरे संकट. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाला की तोच वाटा ५ टक्क्यांच्या वर जातो. पाण्यातला अमोनिया तेवढाच, पण माशांसाठी तो सुमारे नऊ पट घातक. चांगल्या मातीत चिकणमातीचे कण आणि सेंद्रिय पदार्थ हे चढउतार झेलतात, पोषक द्रव्ये धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. कुंडीत एखाद्या दिवशी मूठभर गांडूळखत जास्त पडले तर बहुधा काही बिघडत नाही. टाकीत चिमूटभर खाद्य रोज जास्त पडले तर ते कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि आठवड्याभरात माशांच्या जिवावर बेतते.

दुप्पट वाढीचा दावा जवळजवळ ९० वर्षे जुना आहे आणि त्याला उत्तरही तेव्हाच मिळाले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिक यांनी १९३० च्या दशकात पोषक द्रावणावर टोमॅटोचे उंच वेल वाढवून दाखवले. हायड्रोपोनिक्स हा शब्द त्यांनी १९३७ साली प्रचारात आणला. त्यावर उठलेल्या गाजावाजानंतर त्याच विद्यापीठातील डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी सुपीक माती, वाळू आणि द्रावण यांत टोमॅटो शेजारी शेजारी, सारख्याच अंतरावर आणि सारख्याच उजेडात वाढवले आणि १९३८ साली निष्कर्ष मांडला की उत्पन्नात लक्षणीय फरक नाही. हे दोघे द्रावणशेतीचे विरोधक नव्हते. आजही प्रयोगशाळांत वापरले जाणारे पोषक द्रावण होगलंड यांच्याच नावाने ओळखले जाते. निकृष्ट, घट्ट, पाणी न निचरणाऱ्या मातीशी तुलना केली तर द्रावण जिंकणारच, आणि पालेभाज्यांना पाणी व प्राणवायू अखंड मिळाल्यामुळे त्या काही दिवस आधी तयार होतात हेही खरे आहे. पण वाढीची कमाल मर्यादा बहुतेक घरांत उजेड ठरवतो. चार तासांच्या उन्हात जे झाड कुंडीत लांबोडके होते ते टाकीवरही लांबोडकेच होईल.

रोगांविषयी थोडक्यात. मातीतल्या सूत्रकृमींपासून आणि काही मर रोगांपासून पाण्यावरची शेती सुटका करते, हा तिचा खरा फायदा आहे. मावा, पांढरी माशी आणि भुरी मात्र हवेतून येतात, त्यांना माती लागत नाही. उलट मूळकूज करणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जीवाचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात, त्यामुळे एका कुंडीपुरता राहिला असता तो रोग सामाईक पाण्यातून सर्व झाडांपर्यंत पोचतो. माशांमुळे उपायांचे मार्गही अरुंद होतात : साबणाचे पाणी कल्ल्यांना इजा करते, तांबेयुक्त बुरशीनाशक माशांसाठी विष आहे आणि कडुनिंबाचे तेलही निर्धास्तपणे फवारता येत नाही.

पाण्यावरची शेती हलकी असते, असेही या मजकुरात कधीकधी जोडलेले आढळते, आणि हे तर धोकादायक आहे. ५०० लिटरची टाकी म्हणजे ५०० किलो, आणि झाडांची मुळे रोवायला वापरतात तो खडीचा एक चौरस मीटरचा, ३० सेंटिमीटर खोल वाफा पाणी न घालताच साधारण ४५० किलो भरतो. स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय असे वजन छतावर ठेवू नये.

राहिला ‘आपोआप’ हा शब्द. माझ्या टाकीवरची वीज एका रात्री गेली आणि मी झोपेत होतो. सकाळी अर्ध्याहून अधिक मासे पाण्यावर तरंगत होते. पंप बंद पडल्यावर माशांनी आणि जिवाणूंनी मिळून उरलेला प्राणवायू काही तासांत संपवला होता. त्याच रात्री शेजारच्या कुंड्यांतली मेथी आणि टोमॅटो यांना काय घडले याचा पत्ताही नव्हता. त्या माशांचा जीव माझ्या बेसावधपणामुळे गेला, आणि ‘एकदा बसवले की काही पाहावे लागत नाही’ हे वाक्य वाचणे मला तेव्हापासून सहन होत नाही. ही यंत्रणा म्हणजे सजीवांना पाळणे आहे. मासे आपण टाकीत कोंडलेले असतात आणि तेथून त्यांना दुसरीकडे जाता येत नाही.

तरीही ज्याला ही पद्धत करून पाहायची आहे त्याने जरूर पाहावी. पाणी, जिवाणू आणि मुळे यांचा संबंध डोळ्यांसमोर उलगडतो, तो आनंद वेगळा आहे. फक्त क्रम उलटा धरू नये. आधी एक ऋतू दोन-चार कुंड्या नीट सांभाळून पाहाव्यात. मग टाकी भरून, मासे न सोडता, थोडा अमोनिया देत चार ते सहा आठवडे जिवाणू वाढू द्यावेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागल्याशिवाय एकही मासा सोडू नये. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टाकीच्या आधी विकत घ्यावा आणि मासे येण्यापूर्वी एकदा मुद्दाम वीज बंद करून तो स्वतःहून सुरू होतो का, हे पाहून घ्यावे.