ट्रिम-टिल्टचा तो ‘पाच मिनिटांचा उपाय’ करू नका

काल रात्री मामेभावाने एक मेसेज पुढे पाठवला: ‘आउटबोर्डचं ट्रिम-टिल्ट बिघडलं? मेकॅनिक नको, पाच मिनिटांत घरीच दुरुस्त.’ आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं मशीन, आणि ट्रिम-टिल्ट म्हणजे ते ऑइलच्या दाबाने वर-खाली करणारी यंत्रणा. मेसेजखाली त्याचा प्रश्न, “दादा, ब्रेक ऑइलची बाटली आणलीय. सकाळी करू का?” हाच मेसेज मला याआधी चार जणांकडून आलाय. आता मात्र तो घरात शिरलाय, म्हणून उत्तर देतो.

मेसेज म्हणतो, मशीन पूर्ण वर उचला, मॅन्युअल व्हॉल्व्हचा स्क्रू काढून टाका, म्हणजे ‘अडकलेली हवा’ निघून जाईल. हे वाचून अंगावर काटा आला. वर उचललेल्या मशीनचं सगळं वजन सिलिंडरमध्ये कोंडलेल्या ऑइलवर उभं असतं. तो व्हॉल्व्ह त्या ऑइलला पळायची वाट करून देतो. बॅटरी उतरली तर मशीन हाताने वर-खाली करता यावं, एवढ्यासाठीच तो दिलेला असतो, आणि तेव्हाही तो फक्त सैल करायचा असतो, बाहेर काढायचा नसतो. १५० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक मशीन २०० किलोच्या वर जातं. स्क्रू ढिला करणाऱ्याचा हात नेमका मशीन बोटीला धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये असतो. यामाहाच्या मालकपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: टिल्टचा आधार-लिव्हर लावलेला असला तरीही उचललेल्या मशीनखाली जाऊ नका. लिव्हर लावूनसुद्धा! आणि इथे व्हॉल्व्हच काढायला सांगतायत.

हवा काढायची रीत साधी आहे. ऑइल भरायचं, ऑइलच्या टाकीचं टोपण लावायचं, बटणाने मशीन चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करायचं, मग पुन्हा पातळी बघायची. पातळी बघायची ती मशीन पूर्ण वर असताना, लिव्हर लावून आणि बाजूला उभं राहून. मशीन खाली असताना टोपण उघडलं तर दाबातलं ऑइल तोंडावर उडू शकतं.

आता ब्रेक ऑइल. ‘हायड्रॉलिक म्हणजे हायड्रॉलिक, कुठलंही चालतं’ म्हणे. नाही चालत. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकोलचं असतं, ट्रिमचं ऑइल खनिज तेलाचं. ट्रिमच्या ओ-रिंगा, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या गोल सीलच्या रिंगा, बहुधा नायट्राइल रबराच्या असतात. ग्लायकोलने त्या फुगतात, मऊ पडतात आणि सिलिंडर धरेनासा होतो. संध्याकाळी वर ठेवलेलं मशीन सकाळी खाली आलेलं दिसतं. मग ऑइल बदलून भागत नाही, सगळा संच उघडून सील बदलावे लागतात. ‘गाडीच्या ऑटो गिअरचं ऑइल चालतं’ ही त्यातली ओळ अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. अनेक मशीनना कंपनीच ते सांगते. पण अनेक म्हणजे सगळ्या नव्हेत. आपल्या मॉडेलची पुस्तिका बघा.

सिलिंडरमधून आत-बाहेर होणाऱ्या रॉडवरचे डाग पॉलिश पेपरने घासा म्हणतात. त्या रॉडच्या गुळगुळीतपणावरच सील टिकतो. अंगठ्याचं नख रॉडवरून फिरवा. कुठे अडकलं, तर तिथला खड्डा दर फेरीला सील कापतोय. घासण्याऐवजी गोड्या पाण्याने धुवा, शिंपले चिकटले असतील तर लाकडी पट्टीने काढा. मशीनला गंजापासून वाचवणाऱ्या झिंकच्या तुकड्याला रंग मारायचा सल्ला तर निव्वळ मूर्खपणा. रंगवलेलं झिंक काहीच काम करत नाही. ट्रेलरवर नेताना मशीन त्याच लिव्हरवर टेकवायचं नाही, हेही यामाहाच्या त्या पुस्तिकेतच आहे: धक्क्यांनी ते सुटून पडू शकतं.

बटण दाबल्यावर नुसतं ‘टक्’ वाजलं तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा, हा त्यांचा सल्ला बरोबर आहे. मेसेजमध्ये तो सगळ्यात शेवटी टाकलाय.

मामेभावाला लिहिलंय: बाटलीचं बूच उघडू नकोस. सकाळी मशीन पूर्ण वर घे, लिव्हर लाव, बाजूला उभा राहून टोपण काढ आणि आतल्या ऑइलचा उजेडात फोटो पाठव. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, मग सील बघायला मी स्वतः येतो.