वेगाचे चलान आपोआप रद्द होत नाही

वेगमर्यादा ओलांडल्याचे ई-चलान आले तर ते भरूच नका, असे सांगणारा एक मजकूर शब्दांच्या थोड्याफार फरकाने या गटातून त्या गटात फिरत असतो. त्यातील म्हणणे थोडक्यात असे आहे: पोलिसाने प्रत्यक्ष थांबवले नसेल तर नुसता कॅमेऱ्याचा फोटो चालत नाही, गाडी कोण चालवत होते हे फोटोवरून सिद्ध होत नाही, नोटीस पंधरा दिवसांत आली नाही तर चलान बाद, सहा महिने गप्प बसले की ते कालबाह्य, आणि एवढे करूनही उरलेच, तर लोकअदालतीत निम्म्यात मिटते. हा मजकूर सपशेल खोटा असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण त्याच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात कायद्याचा एखादा खरा तुकडा आहे, आणि तो तुकडा चलानाला रीतसर हरकत घेणाऱ्याच्या कामाचा आहे. मजकूर मात्र तो स्वस्थ बसण्याचे कारण म्हणून पुढे करतो, आणि सगळी गफलत तेथेच आहे.

कॅमेऱ्याच्या मुद्द्यात कायदा चक्क उलटा वाचला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८३ मध्ये अतिवेगाचा दंड सांगितला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो हलक्या मोटार वाहनांसाठी एक ते दोन हजार रुपये आणि मध्यम व जड वाहनांसाठी दोन ते चार हजार रुपये आहे. याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानुसार, ‘माझ्या मते गाडी मर्यादेपेक्षा वेगात होती’ एवढ्या एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने काढलेल्या अंदाजावर आधारलेले असावे लागते. म्हणजे ज्या पोलिसाने थांबवायला हवे होते असे हा मजकूर म्हणतो, त्याच्या नुसत्या नजरेवर कायदा विसंबत नाही, आणि ज्या यंत्राला तो कस्पटासमान लेखतो तेच यंत्र कायद्याला हवे असते. २०१९ च्याच दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे कलम १३६-अ आले, आणि त्याला धरून ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालण्यात आला. स्पीड कॅमेरा, स्पीड गन, नंबरप्लेट वाचणारी यंत्रणा ही साधने त्यात नावानिशी आहेत.

हरकत घेणाऱ्याच्या हाती खरे काही लागते तेही याच नियमात. यंत्राला मंजुरीचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. जेथे अशी देखरेख चालते तेथे वाहनचालकाला दिसेल असा सूचनाफलक हवा. चलानाबरोबर घटनेचा स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण, कोणत्या तरतुदीचा भंग झाला त्याचा उल्लेख आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. यांतले काही नसेल तर ते दाखवून देता येते. पण ते कोणीतरी दाखवून द्यावे लागते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझ्या गाडीवर एकाच वर्षात वेगाची दोन चलाने निघाली. पहिल्यात मर्यादा ८०, वेग ९७, आणि मागून घेतलेल्या फोटोत मागच्या काचेवरचा माझाच स्टिकर. ते मी त्याच दिवशी भरले. दुसऱ्याचा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावर चिखल उडालेला होता आणि ३ चा ८ झाला होता. शिवाय त्या गाडीला लांब डिकी होती, माझी गाडी हॅचबॅक आहे. नोंदणी प्रमाणपत्र आणि माझ्या गाडीचा मागून काढलेला फोटो जोडून ऑनलाइन तक्रार केली, आणि काही आठवड्यांनी ते चलान रद्द झाले. मजकुराचा सल्ला ऐकला असता तर दुसऱ्याच्या वेगाचा दंड आजही माझ्या नावावर उभा राहिला असता.

‘माझा काटा नव्वदवर होता आणि यांनी सत्त्याण्णव लिहिले’ अशी पुरवणीही काही जण कॅमेऱ्याच्या मुद्द्याला जोडतात. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालेल, असा दंडक असतो; त्यामुळे काटा नव्वदवर असताना खरा वेग सहसा नव्वद किंवा त्याहून कमीच असतो. हा युक्तिवाद म्हणूनच अगदी पोकळ नाही, विशेषतः डॅशकॅमचे, म्हणजे गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्याचे, चित्रण हाताशी असेल तर. मात्र हौसेने मोठ्या घेराचे टायर बसवलेल्यांनी तो करण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण टायरचा घेर वाढला की काटा मागे राहतो आणि गाडी पुढे जाते.

चालक कोण, या मुद्द्याला कलम १३३ पुरेसे आहे. अधिकार दिलेल्या पोलिस अधिकाऱ्याने विचारल्यावर चालकाचे नाव, पत्ता आणि त्याच्या परवान्याची माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि ‘मला माहीत नाही’ एवढे म्हणून भागत नाही; वाजवी प्रयत्नाने मिळू शकणारी माहितीही द्यावी लागते. गाडी मेव्हण्याकडे होती तर तसे कळवावे.

आता मुदतींकडे येऊ, कारण मजकुराचा सगळा भार त्यांच्यावर आहे. घटनेपासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवावी, असे २०२१ चा नियम सांगतो, हे खरे. ती उशिरा निघाली तर चलान आपोआप बाद होईल, असे वाक्य मात्र त्या नियमात नाही. उशीर हा हरकतीचा मुद्दा आहे आणि तो मांडल्यावरच त्याचा विचार होतो. शिवाय नोटीस ‘आली नाही’ आणि ‘पाठवली नाही’ यांत फरक आहे. नोंदणीत जुना मोबाइल क्रमांक राहिलेला असतो, किंवा जुनी गाडी घेऊन दोन वर्षे झाली तरी ती नावावर केलेली नसते, आणि सगळे संदेश निमूटपणे पहिल्या मालकाकडे जात राहतात.

सहा महिन्यांचा आधार फौजदारी प्रक्रियेतला आहे. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांनंतर घेऊ नये, असे आधी दंड प्रक्रिया संहितेचे कलम ४६८ सांगत होते आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ सांगते. पण हे बंधन न्यायालयावर आहे, आणि तक्रार मुदतीत दाखल झाली असेल तर दखल नंतर घेतली गेली तरी चालते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. विलंबाचे समाधानकारक कारण असेल किंवा न्यायहितासाठी आवश्यक वाटले तर न्यायालयाला कलम ५१९ खाली तो माफही करता येतो. म्हणजे आपल्या चलानाचे प्रकरण न्यायालयात गेले की नाही आणि कधी गेले, हे पाहिल्याखेरीज सहा महिने मोजण्यात अर्थ नाही. संगणकातल्या नोंदीला तर मुदत वगैरे काही कळतच नाही. ती तशीच राहते आणि गाडी विकायला काढली किंवा ना हरकत प्रमाणपत्र घ्यायला गेलो की नेमकी आडवी येते.

लोकअदालतीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तेथे तडजोड होऊ शकते, पण निम्मी रक्कम हा कोणाचा हक्क नव्हे. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत चलानांवर ५० टक्के सवलत दिली होती. तो त्या राज्याचा त्या वेळचा निर्णय होता.

या मजकुराच्या जोडीने हल्ली ‘तुमचे चलान पाहण्यासाठी ही फाइल उघडा’ असेही संदेश येतात. त्या फाइलमध्ये बहुधा फोनमधली माहिती आणि ओटीपी चोरणारे ॲप असते. चलान पाहायला कोणतीही फाइल उतरवून घ्यावी लागत नाही. परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाराष्ट्रात महाट्रॅफिकवर, पत्ता स्वतः टाइप करून, गाडीचा क्रमांक आणि चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे भरले की चलान दिसते. तेथे फोटो असेल तर आधी तो मोठा करून पाहावा, आणि मग भरायचे की हरकत घ्यायची ते नोटिशीत दिलेल्या मुदतीत ठरवावे.