आलेमायेहू ‘रमला’ नव्हता

भाचीने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी एक गोष्ट पाठ केली. ऐकते तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तोच मेसेज! इथिओपियाचा राजा युद्धात मेला, व्हिक्टोरिया राणीने त्याच्या अनाथ मुलाला, आलेमायेहूला, दत्तक घेतलं, थोर शाळांत शिकवलं, तो तिथे इतका रमला की मायदेश विसरला, आणि शेवटी विंडसरला राजेरजवाड्यांशेजारी त्याला मानाने पुरलं. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं होतं. सातवीतली पोर तो खरा मानून स्टेजवर म्हणणार म्हटल्यावर गप्प राहवेना.

‘अनाथ’ म्हणे. अनाथ केलं कोणी? इंग्रजांची इथिओपियावरची १८६७-६८ ची ती मोहीम आपल्या मुंबईहून निघाली. सेनापती नेपियर हा मुंबईच्या फौजेचा प्रमुख, बरोबर हिंदी शिपाई, तोफा वाहायला इथूनच नेलेले हत्ती. राजा तेवोद्रोसने ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीला आणि मिशनऱ्यांना डांबून ठेवलं होतं, हे खरंच आहे. पण त्याचा मग्दलाचा किल्ला पडताना त्याने स्वतःवर गोळी झाडली, इंग्रजांनी किल्ला लुटला आणि लुटीबरोबर सात वर्षांच्या आलेमायेहूलाही नेलं. आई सोबत निघाली होती; ती समुद्र गाठण्याआधीच वारली.

दत्तकविधान वगैरे काही झालं नाही. राणीला त्याच्याबद्दल माया होती, एवढं मान्य करते. पण त्याला सांभाळलं त्या मोहिमेतल्या कॅप्टन स्पीडी या इंग्रज अधिकाऱ्याने. तो पोराला अवधमध्ये, आपल्या नोकरीच्या गावीही घेऊन आला होता. पोराचा जीव जडला होता तो या एका माणसावर, आणि सरकारने शिक्षणाच्या नावाखाली त्याच्यापासूनही त्याला तोडलं.

शाळा खऱ्याच थोर: चेल्टनहॅम, रग्बी, मग सँडहर्स्टचं लष्करी विद्यालय. आता ‘रमला’ हा शब्द. याचाच मला सगळ्यात संताप येतो. सँडहर्स्टला त्याचं मन लागेना, म्हणून त्याला लीड्सला एका शिक्षकाच्या घरी ठेवलं. तिथे तो फुप्फुसाच्या आजाराने पडला. आपल्यावर विषप्रयोग झालाय असं वाटून एका क्षणी तो उपचारही घेईना. १४ नोव्हेंबर १८७९ ला गेला, तेव्हा अठरा वर्षांचा होता. माझं नका ऐकू, राणीची त्या दिवसाची रोजनिशी ऐका. परक्या देशात, एकटा, आपलं म्हणावं असं एकही माणूस नसताना तो गेला, असं तिने लिहिलंय. त्याचं आयुष्य सुखाचं नव्हतं. आपल्या रंगामुळे लोक टक लावून बघतात असं त्याला वाटे, हेही तिनेच लिहिलंय. जिच्या कौतुकासाठी हा मेसेज रचलाय, तीच बाई म्हणतेय की पोर सुखी नव्हतं. आणखी कोणता पुरावा हवा?

राहिला विंडसरचा मान. तिथल्या सेंट जॉर्ज चॅपलच्या आवारात त्याला पुरलं, हे खरं. इथिओपियाच्या राष्ट्राध्यक्षांनी २००७ मध्ये त्याचे अवशेष मागितले. २०२३ मध्ये राजवाड्याने पुन्हा नकार दिला: शेजारच्या इतरांची शांतता न मोडता ते काढणं शक्य होईल असं वाटत नाही, म्हणून. त्याच वर्षी स्पीडीच्या वंशजांनी जपलेली त्याच्या केसांची एक बट मात्र इथिओपियाला परत मिळाली.

भाचीची स्पर्धा शुक्रवारी आहे. गोष्ट तीच सांगणार आहे ती, फक्त रोजनिशीतल्या त्या ओळींपासून सुरुवात करून.